नेरिसबाईंची सून

॥ श्री ॥

आयसेलिन, न्यू जर्सी
१५ जानेवारी २०२४

चि. सौ. शुभा हिस,
अ. उ. आ.

सोबत संक्रांतीचा तिळगूळ पाठवला आहे. तो आधी तोंडात टाक, कारण पुढचं सगळं कडू आहे. फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा भाऊ घरातला प्रत्येक फोन स्पीकरवर टाकतो आणि मधेच भाजी काय करायची ते विचारतो. तेव्हा नणंद-भावजयींना मनातलं बोलायला अजून टपालच बरं.

बातमी खरं तर गोड आहे. आपल्या केयाला दिवस गेले आहेत. जूनच्या सुरुवातीची तारीख दिली आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, पण मी कधी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, हे तू मान्य करशील. कळल्याबरोबर देवापुढे साखर ठेवली. आणि मग समजलं की नेरिसबाईंना हे पंधरा दिवस आधीच ठाऊक होतं. का, तर जावयाच्या या मातोश्री पेनसिल्वेनियात केयापासून चार घरं सोडून राहतात आणि सकाळी केयाला उलटी होताना त्यांनी पाहिलं. म्हणजे माझी लेक ओकते तीसुद्धा सासूच्या अंगणात.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून ही मुलगी शब्दांची कुळं शोधत बसली आहे. वेल्श, आयरिश, स्कॉटलंडची गेलिक, मँक्स, कॉर्निश आणि ब्रेटन, या सहा केल्टिक भाषा म्हणे एकाच घरच्या. एका शब्दाचं सहा घरांत काय काय झालं ते ती लिहून काढते. मुलाला आयरिश लोक ‘मॅक’ म्हणतात, वेल्श लोक ‘माब’ म्हणतात आणि मूळ एकच, हे तिनं दिवाळीत मला अर्धा तास समजावलं. मी करंज्या तळत होते. ओक ट्री रोडवर कोणी भेटलं आणि केया सध्या काय करते असं विचारलं, की मी रिसर्च म्हणते आणि पुढच्या दुकानात शिरते.

रिसर्चबद्दल माझं काही म्हणणं नाही गं. पण वेल्श ती नुसती अभ्यासत नाही, बोलते. नेरिसबाई चाळीसेक वर्षांपूर्वी वेल्सहून नर्स म्हणून आल्या, त्यांच्या मुलाला, रीसला, आईची भाषा येत नाही, आणि माझ्या मुलीला येते. दोन वर्षांत शिकली. मी तिला दर रविवारी गाडीत कोंबून मराठी शाळेत नेत होते, त्यातून हाती काय लागलं तर ‘मला भूक लागली’ आणि ‘आजोबा झोपले’. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. आणि वेल्श कानामागून आली ती तिखट झाली.

असो. पहिलं बाळंतपण माहेरीच, तिथे नेरिसबाईंचं काही चालायचं नाही. वरची खोली रिकामी करून घेतली. अळीव, डिंक, बाळंतशेपा आणून ठेवले. केयाशी अजून बोलले नाही, पण त्यात बोलायचं काय? माझ्या वेळी माझी आई पुण्याहून सामानात किलोभर अळीव घेऊन आली होती, ती काही मला विचारून आली नव्हती.

यतीनरावांना नमस्कार. लोभ आहे तसाच असू दे. माझ्याजवळचं सगळं कोणी ना कोणी वाटून नेतं आहे, तेवढा तुझा लोभ बिनवाट्याचा आहे.

तुझी,
वीणावहिनी

॥ श्री ॥

फ्रिस्को, टेक्सस
२ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. वीणावहिनीस,
सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. तुझ्या सूचनेप्रमाणे आधी तोंडात टाकला आणि मगच पत्र वाचलं. होणाऱ्या आजीचं अभिनंदन, आणि दादाचंही, त्याला बातमी कळली असेल तर.

इकडे परवा लिंबाएवढ्या गारा पडल्या. यतीनच्या गाडीच्या टपाला इतके पोचे आलेत की तो तिच्याकडे बघून उसासे टाकतो. आमच्या वेदला सिॲटलला फोटो पाठवला, त्याचा अंगठा आला. मुलगे बोटांनी बोलतात, वहिनी. तुला निदान भांडायला मुलगी आहे.

आता राग येणार असेल तर येऊ दे, पण तुझं हे दुखणं सरळसरळ मत्सराचं आहे. नेरिसबाईंनी तुझं काय घेतलं? सून सासूची भाषा शिकली तर आपण हळदीकुंकवात तिचे गोडवे गातो. ती सून आपली लेक असली की मात्र विहिणीचा पापड वाकडा.

तुझ्या समाधानासाठी एक गंमत सांगते. आपला सासू हा शब्द संस्कृत श्वश्रूवरून आला, हे आम्ही इथल्या मराठी शाळेत शिकवतो. जुन्या वेल्शमध्ये सासूला ‘ख्वेगर’ म्हणत, आणि तो त्याच मुळाचा शब्द आहे. कॉर्निशमध्ये ‘ह्वेगर’. वेल्श लोकांनी तो बोलण्यातून टाकून दिला, आता तेही इंग्रजांसारखं कायद्यानं झालेली आई म्हणतात. आपण मात्र सासू जपून ठेवली. दात त्यांच्याकडे ‘दान्त’ आहे आणि नऊ जवळजवळ नऊच. तेव्हा ती परकी भाषा शिकली असं अगदीच म्हणता येणार नाही, लांबच्या नात्यातलीच आहे.

बाळंतपणाचं मात्र तिला तोंडानं सांग. ती इथे जन्मली, वाढली. न सांगता समजून घ्यायची सवय आपली, त्यांची नाही. शिवाय तिला सध्या तुझ्या हातच्या चिंचेच्या साराचे डोहाळे लागलेत, ते निमित्त कर आणि जा.

वहिनी, लोभ असावा असं मी या वेळी लिहिणार नाही. आहे की नाही ते तुझ्या पुढच्या पत्रावरून कळेलच.

तुझी,
शुभा

॥ श्री ॥

आयसेलिन
४ मार्च २०२४

चि. सौ. शुभा हिस,
अ. उ. आ.

गेल्या शनिवारी आम्ही केयाकडे जाऊन आलो. चिंचेचं सार नेलं होतं. ती ते वाटी तोंडाला लावून प्यायली तेव्हा माझे डोळे भरून आले. पुढच्या दोन तासांत ते कोरडेही झाले.

नेरिसबाई तिथेच होत्या. तशा त्या वाईट नाहीत, हेच तर वाईट आहे. उंच, सडपातळ, गुडघ्यांनी त्रासलेल्या, आणि मला बघून मनापासून हसतात. त्या आणि केया सिंकपाशी उभ्या राहून भांडी पुसत बोलत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण बोलणं कसलं चाललं आहे हे कळायला भाषा कशाला हवी? आई आणि मुलगी दुपारी स्वयंपाकघरात जसं बोलतात तसं, मधेच गप्प होऊन आणि मधेच हसून. त्या केयाला ‘मेर्ख ई’ अशी हाक मारतात. अर्थ विचारला तर केया म्हणाली, माझी मुलगी, असं. मी बरं म्हटलं आणि पाणी प्यायले.

तुझ्या भावाला काय, कुठेही गोडी वाटते. त्यानं जेवताना विचारलं की ही भाषा अवघड आहे का. झालं, केया खुलली. वेल्शमध्ये म्हणे शब्दाचं पहिलं अक्षर मालक बघून बदलतं. मांजर म्हणजे ‘काथ’. त्याची मांजर झाली की ‘गाथ’, तिची झाली की ‘खाथ’, आणि माझी झाली की नाकातून काहीतरी येतं जे मला लिहिता येणार नाही. म्हणजे शब्दकोशात शोधायला गेलं तर सापडत नाही, मूळ रूप माहीत असावं लागतं. मी म्हटलं, सासरी गेलेली मुलगी माहेरच्या नावानं शोधावी तसंच की, आमच्यात नाही का तांदळात नाव बदलत. सगळे हसले. मग मी विचारलं की मुलगी या शब्दाचं काय होतं. तर ‘त्याची मुलगी’ म्हणताना ‘मेर्ख’चं ‘वेर्ख’ होतं. ‘माझी मुलगी’ आणि ‘तिची मुलगी’ यांत मात्र काहीच बदलत नाही. माझी म्हणा नाहीतर तिची म्हणा, शब्द तोच. शुभा, हातातला घास मी परत ताटात ठेवला.

त्यानंतर केयानं सांगितलं की बाळ झाल्यावर नेरिसबाई त्यांच्याकडे राहायला येणार आहेत. मागची खोली त्यांनी स्वतः रंगवली सुद्धा. पिवळी. केया सांगत होती आणि माझ्याकडे बघत होती, आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? ओके म्हणाले. विहिणीसमोर आणखी काय म्हणणार? परतीच्या वाटेवर तुझा भाऊ बर्फाबद्दल बोलत होता आणि मी खिडकीकडे तोंड करून रडत होते.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही. निघताना मी उरलेली भाजी आवरत होते. केयानं एक जुडी उचलली आणि मला मराठीत विचारलं, आई, हा सांभार फ्रीजमध्ये ठेवू का. कोथिंबिरीला सांभार नागपुरात म्हणतात. मी पुण्याची. तुझा भाऊ नागपूरचा असला तरी लग्नानंतर सहा महिन्यांत कोथिंबीर म्हणायला शिकला. आमच्या घरात इतक्या वर्षांत हा शब्द कोणी उच्चारलेला नाही. या देशात माझ्या मुलीच्या ओळखीत तो म्हणणारी एकच बाई आहे. आणि चिंचेच्या साराचे डोहाळे तरी तुला कोणी सांगितले? मी तर लिहिलं नव्हतं.

शब्द कोणाच्या घरून आला ते शोधायला दर वेळी युनिव्हर्सिटीत जावं लागत नाही. उलट टपाली खरं काय ते लिही.

लोभाचं उत्तर आल्यावर बघू.

वीणावहिनी

॥ श्री ॥

फ्रिस्को
१५ मार्च २०२४

ती. सौ. वीणावहिनीस,
सा. न. वि. वि.

सापडले. केया मला दर रविवारी सकाळी फोन करते, दीड वर्ष झालं. मराठी शिकायला.

तिनं वचन घेतलं होतं म्हणून तुला सांगितलं नाही. सासूशी वेल्श बोलता यायला लागलं तेव्हा तिला पहिल्यांदा लाज वाटली, असं ती म्हणाली. परक्या बाईशी तिच्या भाषेत बोलते आणि स्वतःच्या आईशी नाही, हे तिला खायला उठलं. मी म्हटलं, मग आईकडेच शीक. तर म्हणाली, आत्या, नो यार, आईचा फेस मी रीड करू शकते. मी चुकले की तिथे दिसतं, मग माझं पुढचं वाक्य येतच नाही. आधी नीट शिकेन, मग एकदम तिच्यापुढे बोलेन. वहिनी, हे तुला बोचेल. पण विचारलंस म्हणून सांगितलं. माझ्याकडे ती चुकते तेव्हा मला चेहरा नसतो, नुसता कान असतो. बहुधा म्हणूनच जमलं.

आता जे सांगणार आहे ते सांगायचं वचनात बसत नाही, तरी सांगते. मी तिला आपल्या रीती सांगते, तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी असतं आणि माहेरचं माणूस न्यायला येतं, हेही सांगितलं होतं. तेव्हापासून ती वाट बघते आहे. तुझ्या भेटीनंतरच्या रविवारी तिनं मला विचारलं, की आत्या, आई ओके म्हणाली, म्हणजे तिला मी नको आहे का. नेरिसबाईंची खोली तिनं तुझ्यासमोर मुद्दाम काढली होती. तू नाही म्हणशील अशी तिची आशा होती.

तू सांगायचं काय म्हणून बसलीस. ती बोलावल्याशिवाय कसं जायचं म्हणून बसली. वहिनी, मार्च अर्धा संपला आहे. गाडी काढ आणि जा.

रागाव, पण लोभाच्या यादीतून नाव काढू नकोस.

तुझी,
शुभा

॥ श्री ॥

आयसेलिन
२२ मार्च २०२४

शुभास,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून लिहिले नाहीत.

दीड वर्ष मी तुला माझं मन उघडं करून दाखवत होते आणि तू दर रविवारी माझ्या मुलीशी बोलून मग माझी पत्रं वाचत होतीस. मी नेरिसबाईंवर जळत होते. त्यांनी निदान जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोर, सिंकपाशी उभं राहून केलं. माझी भाषा माझ्या लेकीला द्यायची ती मी द्यायची होती. तिचं पहिलं धड वाक्य मी ऐकायचं होतं. ते तू ऐकलंस आणि मला पुण्याची कोथिंबीरसुद्धा उरू दिली नाहीस.

तुझा वेद अंगठ्यापलीकडे बोलत नाही, म्हणून तुला माझी केया आयती मिळाली. दुसऱ्याच्या लेकीवर हौस भागवणं सोपं असतं.

माझा चेहरा वाईट आहे हे कळलं. तो घेऊन मी कुठेही जाणार नाही. पिवळी खोली तयार आहे, नेरिसबाई तयार आहेत, आत्या फोनवर आहे. मी अळीव पक्ष्यांना घालीन.

वीणा

॥ श्री ॥

फ्रिस्को
१० एप्रिल २०२४

ती. सौ. वीणावहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यतीनला दाखवलं नाही. वेदबद्दल लिहिलंस ते खरं आहे, म्हणून लागलं.

मी तुला मत्सरी म्हणाले होते. माझं ऐक. केया लहान असताना तू तिच्या वेण्या घालायचीस आणि ती किंचाळायची. मी तुमच्याकडे आले की ते बघत सोफ्यावर बसायची, आणि घरी परतताना विमानात मला इतका हेवा वाटायचा की यतीनशी कारण नसताना भांडायची. ती रविवारी फोन करायला लागली तेव्हा मी आदल्या दिवशी आवाज बसू नये म्हणून थंड पाणी पीत नव्हते. हौस भागवणं म्हणतेस, तर तेच होतं.

केयाला मी सांगून टाकलं की आईला सगळं कळलं आहे, आता हे फोन थांबवू, तू तिच्याशीच बोल. ती रडली. मीही. गेले दोन रविवार मी कपाटं आवरली.

तुझी आहे ती. कधी माझी नव्हती. पण वहिनी, ती अजून वाट बघते आहे, आणि हे तुला सांगणारं आता तिच्या बाजूनं कोणी नाही.

लोभ मागत नाही. शिल्लक असेल तर तिच्यावर खर्च कर.

शुभा

॥ श्री ॥

आयसेलिन
१५ जून २०२४

चि. सौ. शुभा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. मागचेही यात धर.

तुझ्या दादानं फोनवर सांगितलंच असेल, अर्थात स्पीकरवर. तरी माझ्याकडून कळायला हवं. केयाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत आणि दोघी माझ्या घरी, वरच्या खोलीत आहेत. रीस खाली दिवाणखान्यात लॅपटॉप मांडून बसतो आणि अळिवाच्या खिरीला पुडिंग म्हणतो.

तुझं एप्रिलचं पत्र आलं ते मी दोन दिवस डब्यांच्या मागे ठेवलं. तिसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू वळायला घेतले. तुझ्या भावानं विचारलं कोणासाठी, तर मी म्हटलं गाडी काढ.

दार नेरिसबाईंनी उघडलं. केया सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, पोट केवढं तरी झालेलं. मी वाटेत काय काय ठरवलं होतं, तुझी तक्रार सांगायची, रागावायचं, मग मऊ व्हायचं. त्यातलं काही झालं नाही. मी चपला सुद्धा काढल्या नव्हत्या. मी म्हटलं, “मी तुला न्यायला आले आहे.” ती मराठीत म्हणाली, “किती उशीर केलास.” बास. सगळं वाक्य बरोबर होतं. तू शिकवलेलं होतं हेही मला त्याच क्षणी कळलं, आणि कळून काही झालं नाही, मी तिला धरून रडले.

डॉक्टर तिकडचे, त्यामुळे बाळ तिकडेच व्हायचं आणि आठवड्याभरात दोघींनी इकडे यायचं असं ठरलं. ठरलं तेव्हा नेरिसबाई सिंकपाशी होत्या. धुतलेला कप पुन्हा धूत होत्या. मग वळून फार छान झालं म्हणाल्या. शुभा, तो चेहरा मी ओळखला. पाच वर्षं आरशात रोज बघते आहे. गावातल्या ज्या वेल्श बायकांशी त्या आपल्या भाषेत बोलायच्या त्या एकेक करून गेल्या, आणि मुलाला येत नाही. त्या गावात त्यांच्याशी बोलणारी एक केया, तिला मी उचलून नेत होते. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. जरा जास्तच वेळ बरं वाटलं. आणि मग माझ्याच तोंडून निघून गेलं, की तुम्ही दर शुक्रवारी आमच्याकडे या आणि रविवारी जा. निघालं मात्र, मी जीभ चावली. पण त्या हो म्हणून बसल्या होत्या.

तर आता शुक्रवारी त्या येतात. गाडीतून त्यांच्या मटणबटाट्याचं मोठं पातेलं उतरतं, त्याला त्या ‘लॉबसगाउस’ म्हणतात. काल केयानं दोन वाट्या खाल्लं आणि माझी खीर अर्धी ठेवली. मग दोघी बाळाशी वेल्श बोलत बसल्या. मी अंगाचा तिळपापड होऊ देत बाळाचे लंगोट घडी केले. नेरिसबाईंना मी काल रात्री ख्वेगरचं सांगितलं, तुझी सासूची गंमत. त्यांनी तो शब्द लहानपणी त्यांच्या आजीच्या पुस्तकात पाहिला होता. मग त्या ‘सासू’ हा शब्द म्हणून बघत होत्या, आणि बाई, त्यांना बऱ्यापैकी जमतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. घरी आल्यापासून केया बाळाशी मराठी बोलायला लागली. मी शेजारी बसले होते. मी कानांना हात लावून सांगते, गप्प बसायचं मी ठरवलं होतं. पण पहिल्या वाक्याला माझ्या भुवया हलल्या, दुसऱ्याला मी नीट करून सांगितलं, तिसरं तिनं इंग्रजीत म्हटलं. त्यानंतर माझ्यासमोर तिनं बाळाशी मराठी काढलेलं नाही. मी खोलीतून बाहेर गेले की काढते, मी जिन्यात उभी राहून ऐकते. चांगलं बोलते गं. सांभार म्हणते, काय गं बाई म्हणते, सगळं तुझ्या चालीवर. मी वर गेले की थांबते. माझा चेहरा या वयात मला काढून ठेवता येत नाही, प्रयत्न केला.

म्हणून तू रविवारचे फोन पुन्हा सुरू कर. हे पत्र मिळेल त्याच रविवारी कर, ती करायची नाही, ती अजून तुझ्यामाझ्यात अडकली आहे. तिला मराठी तूच शिकव आणि ती बाळाला शिकवेल. फोन स्पीकरवर असेल, कारण घर तुझ्या भावाचं आहे. मी खाली स्वयंपाकघरात बसेन आणि जळेन. मला सवय आहे, आणि आता तर सोबतीला नेरिसबाई असतात.

बारसं जुलैच्या पहिल्या शनिवारी ठेवलं आहे. रीस एकुलता, म्हणजे बाळाला आत्या नाही. तेव्हा कानात नाव सांगायचा मान केयाच्या आत्याचा, असं केयानंच ठरवलं. नाव काय ते तिनं अजून कोणालाही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगणार म्हणे. पुन्हा माझ्या आधी.

यतीनरावांना घेऊन ये. वेदला मी स्वतः फोन केला होता, त्यानं उचलला, तोही येतो आहे. मार्चमध्ये त्याच्यावरून जे लिहिलं ते पत्र फाडून टाक.

लोभ वाटल्यानं कमी होत नाही असं लोक म्हणतात. मला ते अजून पटलेलं नाही. तरीही तुझा वाटा पाठवते आहे, मोजून न घेता ठेव.

तुझी,
वीणावहिनी